बॉबिनच्या पोटातला दोरा

मंगळवार, ३ मार्च

"काज तुझ्या हातचं नाही."

मी सोळा वर्षांची होते तेव्हा माझे वडील, अण्णा, हे म्हणाले होते. एवढंच. रागावले नव्हते, हसलेही नव्हते. मी केलेली बटणांची अकरा काजं उजेडाकडे धरून बघितली, कापडाचा तो तुकडा खिशात टाकला आणि गिऱ्हाइकाचं माप घ्यायला उठले. सत्तावीस वर्षं झाली. मी शिंपीण झाले, अख्खे कोट शिवते, पण काज म्हटलं की अजून बोटं आखडतात. मशीनने काज करून देणारा मागच्या गल्लीत बसतो, त्याच्याकडे पाठवते.

आज हे आठवायचं कारण: एक म्हातारे गृहस्थ कोट घेऊन आले. "पोट सुटलंय, कंबरेत सैल करून द्या." कोट अण्णांच्याच हातचा निघाला, तीस वर्षांपूर्वीचा! अस्तर विरलंय, कोपरं झिजलीयत, पण काजं जशीच्या तशी. कडेने गाठींची ओळ, मोती ओवल्यासारखी, एकही गाठ मागेपुढे नाही. मशीनचं काज म्हणजे भोक. अण्णांचं काज म्हणजे दार.

अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बघून न बघितल्यासारखं केलं. "कापड चांगलं होतं," म्हणाले.

सहा वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी काजाच्या रेशमी दोऱ्यांचा डबा बंद करून कपाटावर ठेवला. ठेवला तो ठेवलाच. तेव्हापासून घरात शिवणकाम माझं आणि मतं त्यांची.

आणखी एक. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी कपडे पोचवायला जाते. आज परत आले तर आमची मांजर, बॉबिन, माझ्या खुर्चीत बसलेली, तोंडातून दोरा लोंबतोय. ओला, काळपट. मी कात्री उचलली आणि कट! ओठाजवळून, सफाईने. लोंबता दोरा दिसला की माझा हात आपोआप जातो. एकदा बँकेतल्या बाईंच्या बाहीचा कापला होता, त्या केवढ्या दचकल्या! बॉबिन दचकली नाही. माझ्याकडे बघितलं, गिळलं आणि झोपली.

गुरुवार, ५ मार्च

बॉबिन काल जेवली नाही, आजही नाही. तीनदा ओकली. त्यातलं एकदा अण्णांच्या चपलेत.

अण्णा तिला नावाने हाक मारत नाहीत. 'पाहुणी' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी ती दुकानात शिरून चिंध्यांच्या टोपलीत झोपली, त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "ही पाहुणी जाणार कधी?" तेव्हापासून दर आठवड्याला विचारतात. आज म्हणाले, "पाहुणीला पाहुणचार बाधला." पण चप्पल स्वतःच धुतली. नवलच!

शुक्रवार, ६ मार्च

रात्रीचे अकरा वाजलेत. तरी लिहिते.

सकाळी बॉबिन उठेचना. शेजारच्या लाँड्रीवालीने स्कूटर काढली. तिचा आवाज असा की तिला फोनची गरजच नाही. धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत बॉबिनला ठेवलं, वर टॉवेल, टोपली माझ्या मांडीवर. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "टोपलीत काय आहे?" ही म्हणाली, "इस्त्रीचे कपडे. फक्त जरा श्वास घेतायत."

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, जिभेखाली बघितलं, सोनोग्राफी केली. मग मला समजावू लागल्या, "दोरा गिळलाय. एक टोक पोटाशी अडकलंय, बाकीचा पुढे सरकलाय. त्यामुळे आतडं त्या दोऱ्यावर असं... कसं सांगू..."

"चुण्या," मी म्हणाले. "झालरीला घालतो तशा. दोरा ओढला की कापड गोळा होतं."

"अगदी! चुण्याच पडल्यात. घरात शिवणकाम कोण करतं?"

"मी. मीच करते, दुसरं कुणी नाही."

"दोरा दिसला होता का बाहेर?"

सांगितलं. मंगळवार, कात्री, सगळं. त्या म्हणाल्या, "ओढला नाहीत ते फार चांगलं केलंत. पण तेव्हाच आणलं असतं तर कदाचित पोट न उघडता निघाला असता." अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. मऊ आवाजातलं जास्त लागतं.

मग खर्च. मला पैसे पँटमध्ये मोजायची सवय आहे. एका पँटची उंची कमी करण्याचे जे मिळतात ते माझं माप. विजेचं बिल बावीस पँट. अण्णांच्या गोळ्या अठरा. डॉक्टरीणबाईंनी आकडा लिहून कागद माझ्याकडे फिरवला. मी मनात भागाकार केला. सातशे साठ पँट. पुन्हा केला. सातशे साठच.

मागणं मला जमत नाही, अगदी सूटसुद्धा. पण बरोबर लाँड्रीवाली होती. "अहो डॉक्टर, मांजर केवढीशी, आणि पैसे माणसाएवढे?"

"मांजर केवढीशी म्हणूनच, ताई. बारीक शिवण महागच असते."

यावर मला मान हलवावीच लागली. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते.

माझा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "अर्धे आज द्या. उरलेले महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. चालेल?" अर्धे होते. नव्या मशीनसाठी साठवलेले, तीन वर्षांचे. अर्जावर सही करताना हात थांबला नाही, हे मला स्वतःबद्दल बरं वाटलं.

दोन तास बाकावर. लाँड्रीवाली दुकान बंद ठेवून बसून राहिली. पलीकडे एका माणसाच्या मांडीवर कासव होतं. त्याला ती म्हणाली, "तुमचं बरं, तुम्हाला घाई नसणार." तो हसला, मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं.

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आतडं दोन जागी उघडावं लागलं, पण दोरा अख्खा निघाला. आजचा आणि उद्याचा दिवस महत्त्वाचा.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते उभे होते ते खाली बसले. सातशे साठवर काही बोलतील अशी तयारी ठेवली होती. त्यांनी विचारलं, "दोरा कसला होता?"

"दोरा तो दोरा, अण्णा! माझ्या मशीनखालचा. मीच केर नीट काढला नसणार."

"जगेल का?"

पाहुणी कधी जाणार, हे विचारणारा माणूस! मी म्हटलं, बहुतेक. ते जेवले नाहीत.

शनिवार, ७ मार्च

बॉबिनने डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंना बोचकारलं. त्या म्हणाल्या, "उत्तम लक्षण!"

सोमवार, ९ मार्च

आली! पोटावर अकरा टाके. बारीक, सारख्या अंतराचे. मी तज्ज्ञ म्हणून तपासले आणि डॉक्टरीणबाईंना शाबासकी दिली. त्या म्हणाल्या, "शिंपिणीकडून पास झाले म्हणजे झालंच."

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घालतात. बॉबिन ते घालून दोनदा भिंतीवर आदळली आणि मग भिंतीकडेच तोंड करून बसली. मला बघवेना. अण्णांच्या जुन्या शर्टाची बाही कापली, चार पायांना चार भोकं, पाठीवर नाड्या. वीस मिनिटांत बंडी तयार. अण्णा लांबून बघत होते.

"टिपा लांब पडल्यात."

"मांजर आहे, अण्णा. लग्नाला जायची नाहीये."

"लांब त्या लांबच." मग थोड्या वेळाने, "माझा निळा शर्ट होता ना हा?"

"होता."

"बरा दिसतोय तिला."

पोटातून निघालेला दोरा दवाखान्याने एका छोट्या बाटलीत घालून दिलाय. माणसं किडनीचा खडा ठेवतात तसा! मी बाटली खडूच्या डब्यामागे सारली. बघायची हिंमत नाही. माझ्या हाताने कापलेला, माझ्या हाताने न झाडलेला. तिला काही झालं असतं तर मी मशीनवर परत बसू शकले असते का? माहीत नाही. आज विचार नको. आज ती मांडीवर आहे, गरम, बंडी घातलेली, आणि घुरघुरतेय.

मंगळवार, १० मार्च

लाँड्रीवालीचं म्हणणं, तिच्या गल्ल्यापाशी एक डबा ठेवू, लोक टाकतील मांजरीसाठी. मी म्हटलं, नको.

"का?"

"मागायचं नाही मला."

"तुझ्या मानेत कॉलरची पट्टी शिवलीय का गं कुणी? जरा वाकली तर मोडते काय?"

ती पाय आपटत गेली. संध्याकाळी बघते तर तिच्या दारावर खडूने हे एवढं लिहिलेलं: 'शेजारी पँट छोट्या करून घ्या. या आठवड्यात घेतल्यास एका मांजरीला आशीर्वाद द्यायची संधी.'

म्हणे, "यात मागणं कुठाय? तू काम करणार, ते पैसे देणार. अक्कल माझी, फुकट."

गुरुवार, १२ मार्च

पँट, पँट, पँट!

शाळेतले गणिताचे मास्तर दोन घेऊन आले. काल नेलेलीच आज परत आणून म्हणाले, "आणखी अर्धा इंच." मी म्हटलं, "सर, मोजे दिसतील." ते म्हणाले, "दिसू देत, मोजे चांगले आहेत." एका बाईंनी नवऱ्याच्या सगळ्या आणल्या. नवरा मागे उभा, नेसत्या एका पँटवर, हिरमुसलेला. लहान मुलं बॉबिनला बघायला येतात आणि बंडी बघून हसून लोळतात.

पण मी शिंपीण आहे, मला मोजता येतं. आठवडाभरात फार तर ऐंशी-नव्वद होतील. बाकी राहतात जवळजवळ तीनशे. लोकांचे पाय काही रोज आखूड होत नाहीत.

शुक्रवार, १३ मार्च

आज मी खोटं बोलले.

दुपारी नाट्यगृहातून बाई आल्या, कपडेपटाच्या मुख्य. नव्या नाटकात आठ दरवान आहेत. सगळं नाटक नुसते उभे असतात. बाई म्हणाल्या, "प्रेक्षक कंटाळले की यांच्याकडेच बघतात, म्हणून कोट झकास हवेत." बाटलीसारखं हिरवं कापड, दोन ओळी बटणं, कोटाला नऊ काजं. अठ्ठाविसाला हवेत.

"आणि काजं हातची. पहिल्या रांगेतून मशीनचं काज ओळखू येतं, आमचा दिग्दर्शक फार किरकिरा आहे. होतील ना? तुमच्या पाटीवर लिहिलंय म्हणून तर आले."

पाटी अण्णांच्या काळातली. 'हातची काजं करून मिळतील.' मी कधी उतरवली नाही. उतरवणं म्हणजे अण्णांना उतरवल्यासारखं वाटलं असतं.

मशीनच्या काजांचे कोट केले तर दीडशे पँटइतके पैसे. हातच्या काजांचे तीनशे. बाई कात्री-खडूच्या पसाऱ्याकडे बघत उत्तराची वाट बघत होत्या. बॉबिन कापडावर चढून बसली.

मी म्हणाले, "होतील."

रविवार, १५ मार्च

बहात्तर काजं. आठ कोट, नवाप्रमाणे बहात्तर.

अण्णा दुपारचे पडले होते तेव्हा मी दार लोटून घेतलं. जुन्या कापडावर चीर दिली, कडेने दोरा भरायला लागले. पहिलं काज गांडुळासारखं झालं. दुसरं गांडूळ मेल्यासारखं. तिसऱ्याला दोरा तुटला. चौथं करेपर्यंत मानेला कळ लागली आणि मी सोळा वर्षांची झाले.

अण्णांची चाहूल लागली तशी सगळं मांडीखाली दडपलं. त्यांनी दारात उभं राहून विचारलं, "काय करतेस?"

"काही नाही. बसलेय."

"रविवारी कुणी नुसतं बसतं होय?" म्हणाले आणि गेले.

आमच्या घरात कुणी काही बोलत नाही. मी नऊ वर्षांच्या संसारानंतर दोन पिशव्या घेऊन परत आले तेव्हा अण्णांनी एकच विचारलं होतं, "मशीन आणलंस का?" आणलं होतं. "मग ठेव खिडकीशी, उजेड आहे." त्यावर आजवर एक शब्द नाही. मला तेव्हा वाटलं, किती कोरडा माणूस! दुसऱ्या दिवशी बघितलं तर खिडकीशी असलेली त्यांची स्वतःची खुर्ची त्यांनी आतल्या अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली होती.

सोमवार, १६ मार्च

लाँड्रीवाली कानात सांगते म्हणून ओरडली, "तुझे अण्णा कात्री विकायला आले होते माझ्याकडे!"

"कुठली कात्री?"

"मोठी गं, कोटाची. म्हणतात, 'कुणी घेईल का, पण हिला सांगायचं नाही.' मी म्हटलं, 'काका, आधी मला विका मग, मी डोक्यात घालते तुमच्या.' परत पाठवलं."

ती कात्री! आई गेली तेव्हा अण्णांनी दागिन्यांकडे बघितलं नव्हतं, पण या कात्रीला मी हात लावला तर घर डोक्यावर घेतात. पाहुणीसाठी कात्री? मला हसू यावं की काय यावं, कळेना. घरी येऊन बघितलं तर कात्री खुंटीवर होती आणि अण्णा पेपर वाचत होते. उलटा नव्हता धरलेला, पण पान काल सकाळचंच होतं.

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कात्रीच निघून गेली असती.

बुधवार, १८ मार्च

टाके काढले. बंडी उतरली. बॉबिनने दहा मिनिटं स्वतःला चाटलं आणि मग आम्हा सगळ्यांना माफ केलं.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोरा बघितलात का? तुमचा दोरा मात्र भारी मजबूत हं. आमच्या कात्रीलाही दाद देईना."

वाटेभर तेच डोक्यात. माझा दोरा? माझा दोरा मशीनवर दिवसातून दहादा तुटतो. दुकानदाराला रोज शिव्या देते.

घरी आल्यावर खडूच्या डब्यामागची बाटली काढली. खिडकीशी नेली.

काळा नाही. ओला होता म्हणून काळपट दिसला तेव्हा. डाळिंबी आहे. जाड, पिळाचा, रेशमी, मेण लावलेला. असा दोरा मी आयुष्यात विकत घेतलेला नाही. काजाचा दोरा आहे हा.

गुरुवार, १९ मार्च

अण्णा केस कापायला गेले तशी खुर्चीवर चढून कपाटावरचा डबा काढला. सहा वर्षं वर असलेल्या डब्यावर धूळ नव्हती.

आत डाळिंबी रेशमाची लडी, मेणाचा गोळा, त्यांची बोटात घालायची पितळी टोपी. आणि घडी केलेला कापडाचा तुकडा. उघडला. वरच्या ओळीत अकरा काजं. लगेच ओळखली. वेडीवाकडी, फुगलेली, एकाला तर तोंडच नाही. माझी! अण्णांनी तेव्हा खिशात टाकला होता तोच हा तुकडा. खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. फारच वाईट होती.

त्या ओळीच्या पुढे आणखी काजं होती, डाळिंबी. पहिली काही अगदी माझ्यासारखी. गाठी घसरलेल्या, कड थरथरलेली. दोऱ्याचा रंग वेगळा नसता तर माझी कुठे संपली आणि दुसऱ्या हाताची कुठे सुरू झाली ते मलाही सांगता आलं नसतं. मग ओळीमागून ओळी. तीस, चाळीस, पन्नास. हळूहळू कड सरळ होत गेलेली. शेवटची पाच-सहा... ती दारं होती. आणि सगळ्यात शेवटचं अर्धवट, मधेच सोडलेलं.

मंगळवार आणि शुक्रवार सकाळ. मी बाहेर असते तेव्हा. खिडकीशी, माझ्या खुर्चीत बसून, कारण उजेड तिथेच. त्या मंगळवारी दोरा बॉबिनने ओढून नेला असणार, हात थरथरला असेल, दिसला नसेल. तीन मार्चनंतर त्यांनी डबा उघडलेला नसणार, म्हणूनच शेवटचं काज अर्धवट. 'दोरा कसला होता?' असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी फटकन म्हणाले होते, माझ्या मशीनखालचा. त्यांनी ते खरं मानलं नाही, एवढं आता कळतंय.

लिहायचं तर खरं लिहावं. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मी नव्हते! कात्री माझी होती, पण दोरा माझा नव्हता! घटकाभर अगदी हलकी झाले. मग लाज वाटली. दोन आठवडे मी एकटी झुरतेय असं मला वाटत होतं. दोन भिंतींपलीकडे ते तेच करत होते, आणि वर कात्री विकायला निघाले होते.

तुकडा होता तसा घडी करून ठेवला. अण्णा आले, केस बारीक, कान मोठे दिसत होते. बॉबिन त्यांच्या पायावर जाऊन पडली. "पाहुणी जाणार कधी?" त्यांनी विचारलं. आणि खाली वाकून, मला दिसत नाही असं समजून, तिच्या पोटावरच्या वणावर एक बोट ठेवलं.

काय करू? बोलले, तर डबा परत कधीच उघडणार नाहीत. नाही बोलले, तर कोट शिवून तयार आहेत आठही, बहात्तर चिरा कोऱ्या, आणि हातात नऊ दिवस.

शुक्रवार, २० मार्च

आज कपडे पोचवायला गेले नाही. लाँड्रीवाली नेणार आहे.

अण्णा आंघोळीला गेलेत. खिडकीशी दोन खुर्च्या ठेवल्यात. टेबलावर तो तुकडा उघडा पसरलाय, शेजारी पहिला हिरवा कोट. सुईत डाळिंबी दोरा ओवून, मेण लावून ठेवलाय. बॉबिन आतल्या खोलीत कोंडलेली, दार ओरबाडतेय. ते येतील, तुकडा बघतील, दोरा बघतील, मग माझ्याकडे. सगळं कळेल त्यांना. मला काही सांगावं लागणार नाही. फक्त मागावं लागेल.

आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं, एकदाच नीट जमलं. नाही म्हणणार, माहीत आहे. म्हणतील, हात बघ माझा. म्हणतील, काज तुझ्या हातचं नाही. नळ बंद झाला. येतायत.

"अण्णा, बहात्तर आहेत. छत्तीस तुम्ही करा, आणि उरलेली मला करायला शिकवा."